दोराबजी टाटा : एक अपुरे चरित्र

मराठीत चरित्रग्रंथांची वानवा नाही. साधुसंत झाले, देशभक्त झाले, नट आणि गवई झाले. समाजसुधारकांची तर एकेकाची चार-चार चरित्रे आहेत. परंतु कारखानदाराचे चरित्र म्हटले की आपली लेखणी अडखळते. तिच्यापुढे दोनच साचे असतात. एक साचा बक्षीस-समारंभाचा : गरिबीत शिकला, कष्ट केले, पैसा मिळवला, धर्मशाळा बांधली. दुसरा साचा आम्हां कादंबरीकारांचा : फाटकाआड मोटार, मोटारीत गलेलठ्ठ शेठजी, फाटकाबाहेर गिरणीचा भोंगा आणि उपाशी कामगार. पहिल्या साच्यात माणसाचा देव होतो, दुसऱ्यात राक्षस. माणूस दोन्हीकडे राहून जातो. आणि अशा कारखानदाराने आपला वेळ नि पैसा खेळांवर खर्च केला असेल तर मग विचारूच नका! ‘त्यांना खेळांचीही आवड होती’ एवढ्या अर्ध्या ओळीत चरित्रकार मोकळा होतो. जणू काय त्यांना आंब्याचीही आवड होती.

सर दोराबजी टाटा यांच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे. हिंदुस्थानातले खेळाडू ऑलिंपिकला पाठवण्यात ज्याने पुढाकार घेतला, जो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर हिंदुस्थानचा सभासद म्हणून बसला, 1927 साली इंडियन ऑलिंपिक असोसिएशनची रीतसर स्थापना झाली तेव्हा जो तिचा पहिला अध्यक्ष झाला, तो हा माणूस. पण टाटा म्हटले की आपल्याला जमशेटजी आठवतात, नंतर एकदम जे. आर. डी. आणि आता रतन टाटा. मधले दोराबजी म्हणजे बापाची स्वप्ने पुरी करणारा कर्तव्यदक्ष मुलगा. कर्तव्यदक्ष मुलावर कोण कादंबरी लिहिणार?

आधी ठळक हकीकत सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे अधांतरी राहणार नाही. दोराबजींचा जन्म 1859 सालचा, मुंबईचा. शिक्षणासाठी ते विलायतेस गेले. 1877 ते 1879 ही दोन वर्षे केंब्रिजला होते आणि तिथे क्रिकेट व फुटबॉल या दोन्ही खेळांत त्यांनी नाव मिळवले. परत आल्यावर मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातून 1882 साली ते पदवीधर झाले. मग काय केले असेल? ‘बॉम्बे गॅझेट’ या वर्तमानपत्रात बातमीदारी केली! 1884 पासून वडिलांच्या कापड-व्यवसायात, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये उमेदवारी केली. जमशेटजी 1904 साली वारले. त्या वेळी पोलादाचा कारखाना, जलविद्युत आणि विज्ञानसंस्था या तिन्ही योजना कागदावरच होत्या. टाटा आयर्न अँड स्टील कंपनी 1907 साली निघाली, बंगलोरची विज्ञानसंस्था 1909 साली स्थापन झाली, पाठोपाठ खोपोलीच्या विजेचे काम सुरू झाले. 1910 साली दोराबजी ‘सर’ झाले. त्यांच्या पत्नी मेहेरबाई या भाभा घराण्यातल्या. शास्त्रज्ञ होमी भाभांच्या त्या आत्या. साडी नेसून टेनिस खेळणारी ही बाई त्या काळी मोठ्या कौतुकाचा विषय होती. 1931 साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी, 1932च्या जून महिन्यात, जर्मनीत दोराबजींनीही देह ठेवला. मूलबाळ नव्हते. मृत्यूपूर्वी काही महिनेच त्यांनी आपली सारी मिळकत विश्वस्त निधीला लिहून दिली होती. टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले ते या निधीतून.

आता ही हकीकत पुस्तकांतून कशी येते ते पाहू. फ्रँक हॅरिस यांनी 1925 साली लिहिलेले इंग्रजी चरित्र हे जमशेटजींचे. तेव्हा त्यात दोराबजी मुलगा म्हणूनच येणार. आपल्याकडे गिरीश कुबेर यांचे ‘टाटायन’ 2015 साली आले आणि मराठी वाचकाने ते उचलून धरले. ते उचित झाले. पण तो घराण्याचा ग्रंथ. वंशावळीच्या झाडावर जेवढी फांदी, तेवढीच पाने दोराबजींच्या वाट्याला यायची. दोष लेखकांचा नाही. चरित्राची आपली कल्पनाच अशी आहे की धंदा हे काम आणि खेळ हा विरंगुळा. एकदा अशी वाटणी केली की खेळांचे प्रकरण शेवटी, मानमरातबांच्या यादीशेजारी जाऊन बसते. माझे म्हणणे असे की, दोराबजींच्या आयुष्यात ही वाटणी चालतच नाही. पोलाद आणि शर्यत यांच्या मागे एकच मन आहे. ते मन कोणते, हे सांगितल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

आमच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या दप्तरासाठी येथे संशोधन मंडळ उभे राहिले. तेव्हा धुळेकराने तरी ऐकीव गोष्टी सांगण्याआधी अस्सल कागद पाहावा. दोराबजींचा असा एक कागद आहे. 1929 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना त्यांनी एक लांबलचक पत्र लिहिले आणि हिंदुस्थानात ही चळवळ कशी सुरू झाली ते त्यात सांगितले. हे पत्र इतिहासकारांनी माहितीसाठी वापरले आहे. ते वाङ्मय म्हणूनही वाचण्याजोगे आहे.

पत्रात ते सांगतात ते थोडक्यात असे. विलायतेत खेळांची गोडी लागली. परत आल्यावर मुंबईतल्या शाळाशाळांची क्रीडासंघटना उभी करण्यास त्यांनी हातभार लावला. पुढे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तिथल्या पहिल्याच सामन्यांत त्यांना दिसले की धावणारी पोरे शेतकऱ्यांची आहेत, शेतात राबणारी, साधे अन्न खाणारी. विलायती नियमांची त्यांना गंधवार्ता नाही. समितीच्या बैठकीत गेले तर तिथे शंभर यार्डांची शर्यत वळणावरून घ्यायचा बेत चाललेला, आणि धावणाऱ्यांना अलग ठेवणाऱ्या दोऱ्याही नाहीत! मैदान लहान, जमीन खडबडीत; दुसरे करणार काय? पाहणाऱ्यांच्या मते धावणे म्हणजे धावणे. दोराबजींनी समजावून सांगितले की तसे नाही; साऱ्या जगाने मान्य केलेल्या अटींवर धावले तरच ते धावणे मोजता येते. पुढे लांब पल्ल्याच्या शर्यती झाल्या, दहा मैलांपासून थेट पंचवीस मैलांपर्यंत, खडीच्या टणक रस्त्यावरून, अनवाणी. आणि घड्याळात पाहतात तो काय, काही जणांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणारी!

या पत्रातली वळणाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शाळेत मैदानावर फक्कीने पट्टे आखणाऱ्या कोणाही मास्तरला तिचे मर्म चटकन कळेल. वळणावर आतल्या पट्ट्यातला मुलगा कमी पळतो, बाहेरचा जास्त. आरंभरेषा मागेपुढे करून हा फरक भरून काढावा लागतो. तसे केले नाही आणि पट्टेही आखले नाहीत, तर बाहेरचा आत घुसणार, ढकलाढकली होणार आणि पहिला कोण आला यावरून आई-बाप मैदानातच भांडणार. शंभर यार्ड सरळच धावावे लागतात, कारण पुण्याचे शंभर आणि लंडनचे शंभर एक असले पाहिजेत. एवढी साधी गोष्ट. पण तिच्यात दोराबजींचा सारा स्वभाव आहे. आपल्याकडे बळ नाही असे त्यांनी कधी म्हटले नाही. आपल्याकडे माप नाही, हे त्यांचे दुखणे होते.

हे दुखणे घेऊन आता पोलादाकडे वळा. चांदा जिल्ह्याच्या रानावनात दोराबजी आणि वेल्ड नावाचे अमेरिकन तज्ज्ञ लोहखनिज शोधत हिंडले. खनिज होते, पण तुकड्यातुकड्यांनी. कारखान्याला पुरेल एवढे नव्हे. हात टेकले, आणि तसे सांगायला दोराबजी नागपूरच्या कचेरीत गेले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर मध्यप्रांताचा भूस्तरांचा नकाशा होता आणि दुर्ग जिल्ह्याजवळ लोखंडाची खूण होती. ते आजच्या छत्तीसगडमधले दल्ली-राजहराचे डोंगर. कारखाना शेवटी तिथे झाला नाही, साकचीला झाला. पण सोडलेला शोध त्या नकाशाने पुन्हा उभा केला. चरित्रकार ही गोष्ट दैवयोग म्हणून सांगतात. मला तो दैवयोग वाटत नाही. वाट पाहताना कोणी तपकीर ओढतो, कोणी पंख्याखाली डुलकी घेतो. हा माणूस नकाशा वाचतो. जमिनीच्या पोटात काय दडले आहे ते कोणीतरी मोजून ठेवले असेल, यावर त्याचा विश्वास होता.

पुढची गोष्ट प्रसिद्धच आहे. रेल्वेचे बडे अंमलदार सर फ्रेडरिक अपकॉट यांनी टाटांची खिल्ली उडवली होती की, ब्रिटिश मापात बसणारे रूळ जर हे लोक करतील तर त्यातला शेर न् शेर मी खाऊन दाखवीन. 1912 साली पोलाद निघाले. पहिल्या महायुद्धात टाटांचे पंधराशे मैल रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले. तेव्हा दोराबजी म्हणाले म्हणे की, साहेबांनी शब्द पाळला असता तर त्यांना किंचित अपचन झाले असते! या विनोदावर आपण हसतो आणि पुढे जातो. पण त्यात पैज कशाची आहे पाहा : ब्रिटिश मापाची. रूळ तर कोणीही ओतील. मापात बसतो का, हा प्रश्न. पुण्याच्या मैदानावर हाच प्रश्न होता. परीक्षक परका आहे, पट्टी परकी आहे. मग पट्टीवर रागवायचे, की तिच्यावर उतरून दाखवायचे? दोराबजींनी दोन्ही ठिकाणी दुसरा मार्ग धरला.

म्हणून मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांना त्यांनी जिमखान्याच्या शर्यती पाहायला नेले, त्यांच्यामार्फत विलायतेत खटपट केली, वर्गणी जमवली, स्वतःचा पैसा घातला आणि 1920 साली बेल्जममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला सहा जणांचा संघ रवाना झाला. सहातले चार धावपटू : फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. दोघे पैलवान : कुमार नवले आणि रणधीर शिंदे. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती, जवळजवळ पावणेत्रेचाळीस किलोमीटर. फिनलंडच्या कोलेमायनेनने ती 2 तास 32 मिनिटांत जिंकली. बेळगावकडचे चौगुले 2 तास 50 मिनिटांत आले आणि एकोणिसावे ठरले. रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. कांसे हातातोंडाशी येऊन निसटले. पहिल्याच खेपेला एकोणिसावा आणि चौथा! मराठी माणसाने हे आकडे मुलांकडून तोंडपाठ करून घ्यायला हवेत.

येथवर मी दोराबजींच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू. त्या पत्राच्या सुरात केंब्रिजहून आलेल्या साहेबाचे किंचित हसू आहे. आणि त्याहून मोठी उणीव अशी की, पत्राचा जो भाग सर्वत्र सांगितला जातो त्यात धावणारी पोरे येतात ती एक ‘वर्ग’ म्हणून. अनवाणी पाय दिसतात, चेहरे दिसत नाहीत. चौगुले परत आल्यावर कुठे गेले, काय खाल्ले, पुन्हा धावले का, हे प्रश्न आश्रयदात्याला पडोत न पडोत, चरित्रकाराला पडायला हवे होते. ज्याने मापाचा आग्रह धरला त्याचे चरित्र आपण लिहितो. ज्याच्या पायांनी ते माप भरले तो तळटीपेत जातो. उद्योगपतींच्या चरित्रांतली ही जुनी खोड आहे. कारखाना शेठजींचा, रूळ शेठजींचा. भट्टीपुढे उभा राहिलेला तो कोण?

शिवाय, जगाचे माप ते माप आणि घरचे ते गावंढळ, असाही एक अर्थ या वृत्तीतून निघू शकतो. तो घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या डेक्कन जिमखान्यात दोराबजी अध्यक्ष होते, त्याच जिमखान्याचा खो-खोचे नियम बांधण्यात मोठा हात होता. पाठशिवणीच्या खेळाला खांब, पाट्या, वेळ आणि गुण मिळाले म्हणूनच तो गावाबाहेर पडू शकला. 2025च्या जानेवारीत दिल्लीला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत आपण जिंकलो. तेव्हा माप इंग्रजांचे नसते नि आपलेही नसते. चार परके लोक एकत्र बसून जे मान्य करतात ते माप.

आता कादंबरीकाराला मोह पडेल असे एक वर्ष सांगतो : 1924. युद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले होते. जमशेदपूरला पगार द्यायला पैसे नाहीत, अशी पाळी आली. दोराबजींनी आपली सुमारे एक कोटीची खाजगी मिळकत इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात मेहेरबाईंचे दागिने होते, आणि कोहिनूरच्या दुपटीहून मोठा असा 245 कॅरटचा ज्युबिली हिराही होता. कारखाना वाचला. हे सर्व चरित्रांत आहे आणि असायलाच हवे. पण त्याच 1924 साली दिल्लीत अखिल भारतीय सामने भरले, त्यातून खेळाडू निवडले गेले आणि पॅरिसच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. त्या खटपटीतही दोराबजी होतेच. एका हाताने हिरा बँकेत ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने धावणाऱ्या पोरांच्या बोटीच्या तिकिटांचा हिशेब पाहायचा! ज्याचे खेळ हे केवळ शौक असतात तो अडचणीच्या वर्षी पहिल्याने तेच बंद करतो. आपल्या घरीही तसेच होते; हात आखडला की गाण्याची शिकवणी आधी सुटते. दोराबजींनी ती सोडली नाही. यावरून तो शौक होता की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

आम्हां खानदेशकरांना हे नवे वाटू नये. अमळनेरचे प्रतापशेठ गिरणीवाले. त्यांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर काढले. सूतगिरणीला शंकराचार्यांच्या भाष्याचा काय उपयोग? त्याच अमळनेरात साने गुरुजी शिकले, शिकवू लागले आणि साऱ्या महाराष्ट्राचे झाले. नफ्याच्या वहीत जो खर्च कोणत्याच सदरात बसत नाही, तोच कधीकधी शंभर वर्षांनी जमेला दिसतो.

परंतु आश्रयाला मर्यादा असते, हेही खरे. दोराबजींनी 1928च्या सुमारास अध्यक्षपद सोडले आणि ते पतियाळाच्या महाराजांकडे गेले. म्हणजे शेठजींकडून राजेसाहेबांकडे. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमला आपण हॉकीचे सुवर्णपदक मिळवले. सर्वत्र आनंद झाला. पण एकेकट्याने मैदानात उतरणाऱ्या खेड्यातल्या पोराचे काय? कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या त्यांच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले, असे सांगतात. 1924 साली एका कोट्यधीशाने हिरा गहाण ठेवला, 1952 साली एका शिक्षकाने घर. दोन्ही गहाणखते एकाच इतिहासाची आहेत. पण पहिल्याची गोष्ट टाटांच्या चरित्रात, दुसऱ्याची कुस्तीच्या पुस्तकात. दोन्ही एका पानावर आणणारा चरित्रकार आपल्याला हवा आहे.

आज परिस्थिती पालटली आहे. उद्योगपती आता खेळाडू बोलीने घेतात. 2008 पासून क्रिकेटचा तो बाजार आपण दिवाणखान्यात बसून पाहतो, आणि 2022 साली त्या स्पर्धेच्या नावापुढे टाटांचेच नाव लागले. 2023 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत, म्हणजे दोराबजींच्या गावी, भरले. 2024 साली पॅरिसला कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नेमबाजीत कांस्यपदक घेऊन आला, आणि बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत अकरावा आला. पोरे अजून तिथूनच येतात, जिथून ती 1919 साली पुण्याच्या मैदानावर आली होती. फरक एवढाच की आज त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. हा फरक लहान नव्हे.

तेव्हा दोराबजींचे चरित्र जो कोणी मराठीत लिहील, त्याच्याकडे माझे एकच मागणे आहे. बंगल्यापासून सुरुवात करू नका, ज्युबिली हिऱ्यापासून तर मुळीच नको. बेळगावकडच्या त्या शेतकऱ्याच्या पोरापासून करा. तो अनवाणी खडीवरून पळतो आहे, आणि रस्त्याच्या कडेला कोट घातलेला एक पारशी गृहस्थ घड्याळ पाहत उभा आहे. दोघांनी एकमेकांना नीट पाहिलेले नाही. ते काम चरित्रकाराचे आहे.